या चुका टाळा : नोकरी, लोकल आणि घर सांभाळून मुंबईत धावणाऱ्यांसाठी

चर्चगेट ते बोरिवली हे रेल्वेचं अंतर जवळपास ३४ किलोमीटर. गेली बावीस वर्षं मी ते रोज दोनदा कापते, बहुतेक वेळा उभ्यानेच. धावायला लागले ती मात्र वयाच्या अडतिसाव्या वर्षी, २०१५ च्या नोव्हेंबरात. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनातल्या मनात स्टेशनं मोजली. चर्चगेटहून निघायचं, बोरिवली, दहिसर, मीरा रोड मागे टाकायचे आणि भाईंदरच्या जवळ पोचायचं. हाफ मॅरेथॉन म्हणजे अंधेरी यायच्या जरा अलीकडे. अजूनही पल्ला मला असाच कळतो.

या दहा वर्षांत तीन हाफ आणि दोन फुल मॅरेथॉन धावले. त्याच्या कितीतरी पट जास्त, कुठल्याही शर्यतीशिवाय, नुसतीच धावले. आमच्या सोसायटीतल्या तीन-चार जणी आणि ऑफिसातली काही मुलं आता धावायला लागली आहेत. त्यांची दुखणी ऐकते तेव्हा आपलीच जुनी डायरी कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटतं. सगळ्या दुखण्यांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. आपण हिशेब धावण्याचा ठेवतो आणि शरीर हिशेब ठेवतं अख्ख्या दिवसाचा. पाच किलोमीटर डायरीत लिहिले जातात. ब्रिजचे जिने, तासभर उभं राहणं, रात्री साडेअकराला पडणं आणि पहाटे साडेचारला उठणं कुठेच लिहिलं जात नाही.

तयार वेळापत्रक जसंच्या तसं उचलणं

पहिल्या हाफसाठी मी इंटरनेटवरून सोळा आठवड्यांचं वेळापत्रक उतरवून घेतलं होतं. मंगळवारी सहा किलोमीटर, बुधवारी वेगाचे तुकडे (थोडं जोरात, मग थोडं हळू), गुरुवारी पुन्हा सहा, रविवारी लांब पल्ला. वेळापत्रकात खोट नव्हती. पण ते ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो माणूस बुधवारी धावून आल्यावर तीन डबे भरत नसणार. लोकलच्या दाराजवळच्या रेट्यात एका पायावर भार देऊन तासभर उभा राहत नसणार, आणि संध्याकाळी तेवढंच उभं राहून परत आल्यावर रात्री नऊला ओट्याशी तर नक्कीच नसणार.

सातव्या आठवड्यात उजव्या नडगीची आतली बाजू दुखायला लागली. पहिला किलोमीटर दुखायचं, मग अंग तापलं की कळेनासं व्हायचं. म्हणून मी धावत राहिले. दहाव्या आठवड्यात ते थांबेना. एका संध्याकाळी बोरिवलीच्या ब्रिजवरून उतरताना मी कठडा धरून आधी उजवा पाय खाली टाकत होते, मग त्याच पायरीवर डावा. मागची बाई "अहो, चला ना पटपट" म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं, आणि ती माझ्या मागेच एकेक पायरी उतरायला लागली, मागची सगळी गर्दी स्वतःच्या पाठीवर झेलत. घरी येऊन पलंगावर बसले आणि अंगठ्याने नडगी वरून खाली दाबत गेले. घोट्याच्या वर वीतभर अंतरावर एक जागा सापडली, एक रुपयाच्या नाण्याएवढी. तिथे बोट टेकलं की डोळ्यांत पाणी येत होतं.

ही खूण नीट लक्षात ठेवा, कारण इथे चूक महागात पडते. नडगीच्या कडेने चार-सहा बोटं पसरलेलं दुखणं, धावून अंग गरम झालं की कमी होणारं, ते बहुधा शिन स्प्लिंट्स. पल्ला निम्म्यावर आणला, आठ-दहा दिवस वेग सोडला, पोटऱ्या मजबूत केल्या की ते आवरतं. पण दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, एका पायावर उडी मारली की कळ जात असेल, रात्री नुसतं पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडावर ताण येऊन तडा जायची ती सुरुवात असू शकते. मग "रविवारपर्यंत बघू" म्हणू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. अशा तड्याच्या सुरुवातीला एक्स-रेमध्ये पुष्कळदा काहीच दिसत नाही. माझ्याही दिसलं नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. सहा आठवडे धावणं बंद. जानेवारीतली ती मुंबई मॅरेथॉन मी घरी टीव्हीसमोर बसून पाहिली. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, कपाटात.

त्यानंतर मी सात दिवसांचा आठवडा सोडला. आता दहा दिवसांचं चक्र धरते आणि त्यात जड दिवस दोनच : एक लांब पल्ला, एक वेग. बाकीचे दिवस हलकं धावणं, चालणं किंवा सरळ विश्रांती. लांब पल्ला दर खेपेला एक-दीड किलोमीटरनेच वाढवते, आणि तीनदा वाढवला की चौथ्यांदा कमी करते. ऑफिसात महिनाअखेर असेल तर त्या चार दिवसांत वेगाला हात लावत नाही, मग वेळापत्रक काही म्हणो. पोटऱ्यांसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहून टाचा सावकाश वर, सावकाश खाली. दोन महिन्यांनी एका पायावर. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. सोसायटीतल्या ज्या दोघींनी केलं, त्यांच्या नडग्या पुन्हा दुखल्या नाहीत.

रोज धाप लागेपर्यंत धावणं

२०१६ च्या १५ ऑगस्टला संध्याकाळी आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावत होती. साताऱ्याच्या माण तालुक्यातली मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ पासून सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आलेली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय. ती दहावी आली आणि सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नॅशनल पार्कात जीव तोडून धावले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठवेना.

पार्कात रोज एक काका भेटतात, तेव्हा साठीचे होते, आता सत्तरीच्या घरात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गेटपासून कान्हेरीकडे जाणारा रस्ता सहा-सात किलोमीटरचा, शेवटी चांगलाच चढाचा. काका तो मित्राशी बोलत बोलत धावतात. नातवाची अॅडमिशन, आंब्याचा भाव, सगळं. मी त्यांना मागे टाकून जायचे आणि परतीच्या वाटेवर ते मला मागे टाकायचे. एकदा पाणी पिताना ते म्हणाले, "बाळ, तू रोज परीक्षाच देतेस. अभ्यास कधी करतेस?"

काकांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. बोलता येईल अशा संथ वेगात जास्त वेळ धावलं की स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त टाकायला शिकतं, आणि शरीर इंधन म्हणून चरबी जास्त वापरायला लागतं. लांब पल्ल्यात हे शेवटचं फार मोलाचं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण तीसेक किलोमीटरच्या आसपास संपत येते. तिथे पाय शिशाचे होतात ते त्यामुळेच. रोज धापा टाकत धावणाऱ्याचं शरीर साखरेवरच चालत राहतं. शिवाय थकवा साठत जातो तो वेगळाच.

कसोटी सोपी आहे. धावता धावता एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मनाचे श्लोक म्हणून बघा. एक श्लोक मध्ये श्वास न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर. पाच धावांपैकी चार अशाच असू देत. सुरुवातीला चालणारे काका-काकू तुमच्या पुढे जातील. जाऊ देत. मला हे मनातून पटायला सहा महिने लागले, आणि पटल्यावर पुढच्या वर्षी काहीही जोर न लावता माझा दहा किलोमीटरचा वेळ चार मिनिटांनी कमी झाला.

पार्काचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. गेट उघडायच्या वेळेआधी, अंधारात, एकट्याने आडवाटेला जाऊ नका. ते जंगल आहे आणि बिबटे तिथले रहिवासी आहेत. माकडांसमोर हातात केळं धरून धावू नका. कानात इअरफोन घालून तर अजिबातच नको; पार्कात नको आणि रस्त्यावरही नको. मागून येणारी रिक्षा, भुंकत येणारा कुत्रा, मागे रेंगाळणारा माणूस, यांचा अंदाज बाईला आधी कानांनीच येतो.

मुंबईचा घाम दुसऱ्या गावाच्या मापाने मोजणं

माझी धाकटी बहीण पुण्याला असते, तळजाईवर धावते. आम्ही दोघी एकाच दिवशी धावायला लागलो आणि फोनवर वेळा सांगायचो. ती दर महिन्याला पुढे. मी स्वतःला दोष देत राहिले, आणखी जोरात धावत राहिले. मग दिवाळीत तिच्याकडे गेले आणि तिच्याबरोबर धावले. तिच्या पुढे राहिले, आणि श्वासही शांत होता.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. मुंबईत पावसाळ्यातल्या पहाटे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. घाम वाळत नाही, नुसता टपकतो. अंग थंड करायला हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कितीतरी जास्त पडते. माझ्या घड्याळात जानेवारी आणि जूनमध्ये दर मिनिटाला बारा-पंधरा ठोक्यांचा फरक दिसतो. तेव्हा मेपासून ऑक्टोबरपर्यंत घड्याळातल्या वेगाकडे बघूच नका, श्वासाकडे बघा. ऑक्टोबर फसवा असतो. पाऊस गेला म्हणून आपण पल्ला वाढवतो आणि ऊन मे महिन्यासारखं असतं. जानेवारीच्या शर्यतीची तयारी नेमकी तेव्हाच जोरात असते, म्हणून लांब धाव सकाळी साडेसातच्या आत संपेल अशीच आखायची.

पाण्याच्या बाबतीत दोन्हीकडून चुका होतात. काही जण पीतच नाहीत. काही जण भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं जड होणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. हे जिवावर बेतू शकतं. आपल्याला किती लागतं ते घरच्या काट्यावर कळतं. धावायच्या आधी आणि आल्यावर, घाम पुसून, वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं. दोन-चार रविवार असं केलं की स्वतःचा आकडा सापडतो. वजन उलट वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त पीत आहात.

ओआरएसची एक चूक मी वर्षभर केली. पाकीट एक लिटरचं, माझी बाटली अर्ध्या लिटरची. अख्खं पाकीट तिच्यात ओतायचे. ते दाट पाणी पोटात डचमळायचं आणि तहान आणखी वाढायची. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. वरून लिंबू पिळलं तर चवीला बरं लागतं.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट तपासायला शिका : हवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं म्हणून जे दिसतं त्यात धूळ आणि धूर बराच असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) दिसतो. २०० च्या वर असेल तर मी वेगाचा सराव रद्द करते आणि घरीच जिना चढ-उतार करते. हट्टाने एकदा बांधकाम चालू असलेल्या रस्त्यावरून बारा किलोमीटर धावले होते, आठवडाभर खोकले.

पावसाळ्याला हलकं समजणं

पावसात धावण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळत नाही. म्हणूनच हे कळकळीने सांगते. साचलेल्या पाण्यातून धावू नका. पाण्याखालचं झाकण जागेवर आहे की नाही ते दिसत नाही, हे एक. दुसरं लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं. उंदीर-घुशींच्या लघवीतून ते जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. धावणाऱ्याच्या पायाला फोड, सोललेली टाच, उखडलेलं नख, काही ना काही असतंच. अशा पाण्यातून जावंच लागलं तर घरी येताच पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. जोराच्या पावसानंतर पाण्यातून चालत आलेल्यांनी प्रतिबंधक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्यात असं महापालिका दरवर्षी सांगते, ते धावणाऱ्यांनाही लागू आहे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत जबर दुखणं आलं तर "धावल्यामुळे पाय दुखतायत" असं स्वतःच ठरवू नका. पाण्यातून गेला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, डांबर त्यापेक्षा बरं. मात्र रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो. रोज एकाच बाजूने धावलं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो, आणि मग गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा एकाच बाजूचं कंबरडं धरतं. एका गुडघ्याचं दुखणं घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते : कुठल्या रस्त्यावर, कुठल्या बाजूने?

उपोषण करून पल्ला मारणं

जानेवारीतली शर्यत म्हणजे तयारीच्या काळात गणपती किंवा नवरात्र येणारच, आणि दिवाळी तर ठरलेलीच. मी नवरात्राचे नऊ दिवस धरते, लहानपणापासून. एका वर्षी सातव्या माळेला साबुदाण्याची वाटीभर खिचडी खाऊन झोपले आणि पहाटे सोळा किलोमीटरला निघाले. अकराव्या किलोमीटरला एस. व्ही. रोडवर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. हात थरथरत होते आणि समोरची पाटी वाचता येत नव्हती. दूधवाल्या मुलाने पिशवीतून पार्ले-जीचा पुडा काढून दिला.

उपवास सोडा असं मी म्हणणार नाही. मी सोडलेला नाही. त्या नऊ दिवसांत लांब पल्ला ठेवत नाही एवढंच. हलकं चार-पाच किलोमीटर धावते, आणि रताळं, राजगिरा, केळं, दूध, खजूर हे वेळेवर पोटात जाईल असं पाहते. संकष्टी रविवारच्या जवळ आली तर लांब पल्ला पुढे सरकवते. एरवीही नव्वद मिनिटांहून जास्त धावायचं असेल तर वाटेत खायला लागतंच. एनर्जी जेल (साखरेच्या पाकाची तयार पाकिटं) महाग वाटत असतील तर दोन खजूर, राजगिऱ्याची वडी, मीठ लावलेली उकडलेली बटाट्याची फोड, यांवर काम भागतं. सरावात जे पचलं तेच शर्यतीत न्यायचं.

बायकांसाठी एक वेगळं. २०१८ च्या उन्हाळ्यात मला दोन जिने चढल्यावर धाप लागायला लागली. सराव कमी पडतोय म्हणून मी वाढवला. आणखी धाप. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४. बायकांचं बाराच्या खाली असलं तर तो अॅनिमिया. पाळी, कमी खाणं आणि धावणं हे तिन्ही एकत्र आलं की लोह लवकर घटतं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटीनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला सांगा, कारण तो आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करा. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, लिंबामुळे जास्त शोषलं जातं. पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळायची आमच्या आजीची सवय मी ऑफिसच्या डब्यात परत आणली. चहा तासाभराने. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्या दिवस घेतल्या. चार महिन्यांनी तोच जिना, आणि धाप नाही.

बूट

थोडक्यात सांगते. बूट संध्याकाळी विकत घ्या, पाय तेव्हा किंचित सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या, नाहीतर नखं काळी पडतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की वरून नवे दिसले तरी तळ बसलेला असतो. किलोमीटर डायरीत लिहा, अंदाजावर सोडू नका. पावसात भिजले तर आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. गॅससमोर किंवा फ्रिजच्या मागे गरम जागी ठेवले तर चिकटवण सुटते. महागडा बूट घेतल्याने चुकीचा सराव बरोबर होत नाही, हे मात्र नक्की.

शर्यतीच्या दिवशी नवं काहीतरी करून बघणं

१९ जानेवारी २०२०, माझी पहिली फुल. सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीसमोर. शर्यतीच्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते. डब्यात सगळ्यांच्या छातीवर बिब आणि सगळ्यांच्या हातात केळी होती. मी तयारी चोख केली होती असं मला वाटत होतं. फक्त एक केलं होतं. आदल्या दिवशी एक्स्पोमधून, म्हणजे बिब वाटतात त्या प्रदर्शनातून, नवा टॉप घेतला होता आणि तोच घातला होता.

पंधराव्या किलोमीटरला काखेत चुरचुरायला लागलं. पंचविसाव्याला शिवण कातडीत शिरली होती. सी लिंकचा खारा वारा आणि घाम त्यावर लागत होता. हात अंगापासून लांब धरून धावायला लागले, त्याने खांदे आखडले, खांद्यांनी पाठ आखडली. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर शेवटचे सात-आठ किलोमीटर उरलेले असताना येतो. एरवी टॅक्सीतून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. त्या दिवशी तो संपतच नव्हता. फुटपाथवर एक आजी नऊवारीत, स्टुलावर बसून, ताटलीत संत्र्याच्या सोललेल्या फोडी घेऊन होत्या. "घे गं, बिया काढल्यात," म्हणाल्या. मी फोड तोंडात टाकली आणि चालत चढले. चालले म्हणून काहीच बिघडलं नाही. उलट वर पोचल्यावर उतारावर पुन्हा धावता आलं. माझ्या पुढे हट्टाने धावत चढलेल्या दोघांना केम्प्स कॉर्नरच्या पुढे पोटरीत गोळे येऊन बसलेले पाहिलं. पाच तास बावीस मिनिटांनी मी पोचले.

तेव्हापासून कपडे, मोजे, खाणं, पाणी, सगळं आधी तीन लांब धावांत वापरलेलंच असतं. काखा, ब्राची पट्टी, मांड्यांची आतली बाजू इथे निघण्याआधी व्हॅसलीन. पुरुषांनी छातीवर चिकटपट्टी. पहिले पाच किलोमीटर ठरवलेल्या वेगाहून हळू. गर्दी, ढोल, पहाटेचा गारवा, यांत पाय आपोआप सुटतात आणि तो खर्च पेडर रोडवर वसूल होतो. आणि दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. छातीत दुखणं, चक्कर, अचानक थंडी वाजणं किंवा घाम थांबणं असं काही झालं तर तिथेच थांबा आणि जवळच्या मदत केंद्रात जा. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

शर्यतीनंतरचा सोमवार

ही चूक कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते. त्या रविवारी दुपारी घरी आले, वरण-भात खाल्ला, झोपले आणि सोमवारी नेहमीप्रमाणे ऑफिसला निघाले. मेडल पर्समध्ये होतं, मैत्रिणींना दाखवायला. बोरिवलीचा जिना चढताना काही वाटलं नाही. मांड्यांचा खरा समाचार उतरताना होतो. चर्चगेटला सबवेच्या तोंडाशी येऊन उभी राहिले आणि खालच्या पायऱ्या बघत राहिले. शेवटी कठड्याकडे तोंड करून, आडवी, खेकड्यासारखी उतरले. बुधवारी सर्दी, गुरुवारी ताप. एवढ्या मोठ्या श्रमांनंतर काही दिवस अंगाची प्रतिकारशक्ती खाली गेलेली असू शकते, आणि मी त्या दिवसांत डब्यातल्या तेवढ्या गर्दीत श्वास घेत होते.

फुलनंतर दोन आठवडे मी धावत नाही. पहिले तीन दिवस नुसतं सपाटीवर चालणं, मग हवं तर हलकी सायकल. चोळून मालिश पहिल्या दिवशी नको, स्नायू आधीच फाटल्यासारखे झालेले असतात. जेवणात डाळ, अंडी, दही जास्त. झोप रोज तासभर जास्त. आणि सोमवारच्या रजेचा अर्ज मी आता नोव्हेंबरातच देऊन ठेवते.